आतल्या खोलीचे दार

मी, सत्यवती हरेश्वर गावंड, वय सेहेचाळीस, धंदा मूर्तिकाम (लेखनिकाने 'घरकाम' लिहिले होते, ते मी खोडायला लावले), राहणार पेण, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी सोमवारी धरमतरच्या लाँचने मुंबईला जायचे आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. हातही आहे; काल एका गणपतीच्या डोळ्याची बाहुली आखून पाहिली.

१. घर व गणपतीचा कारखाना पतीच्या पश्चात कायद्याने माझा आहे. पती गेले तेव्हा दीर शिवदास म्हणाले, "वैनी, बाईमाणसाला कारखाना कशाला पायजे?" या बाईमाणसाने एकवीस वर्षे तिथल्या प्रत्येक मूर्तीचे डोळे आखले. गिऱ्हाईक आले की मला आतल्या खोलीत घालून भावोजी बाहेरून कडी लावत. बाईच्या हातचे डोळे म्हटल्यावर मूर्ती कोण नेणार? माझे विटाळाचे चार दिवस घरात वर्षभर कडक पाळले जात. श्रावण सरत आला आणि मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या असल्या, की ते कुणालाच आठवत नसत. असा यांचा धर्म.

२. एका साली मी कडी लावू देईना. भावोजींनी स्वतः आखणी केली. माणगावच्या बाळाजींनी पायरीवरच मूर्तीवरचा रुमाल काढला. "शिवदासशेट, ह्यो बाप्पा माझी आरती कसा बघल? एक डोळा दाराकडं, दुसरा मोदकाकडं!" भावोजी म्हणाले, "उंदरानं हात हलवला." दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले आणि मी गेले. तसा बाप्पा मला बघवेना. त्या जाण्याचा मला अजून राग आहे, माझाच.

३. घर, कारखाना, साचे आणि माझे खारीच्या केसांचे कुंचले मी केसरला देते. माती मळणाऱ्या ठमाबाईची ही मुलगी, वय एकोणीस. तिने आखलेला डोळा नुकत्या जाग्या झालेल्या बाळासारखा बघतो. मला ते साधायला अकरा वर्षे लागली. तिने पुढच्या ओटीवर, गिऱ्हाइकांच्या देखत आखावे. आत बसायला कुणी भरीस पाडले, तर यंदाच्या तीनशे मूर्ती आंधळ्याच राहू द्याव्यात.

४. 'हरेश्वर आणि बंधू' ही पाटी बंधूंनी न्यावी.

५. आतल्या खोलीचे दार उतरवून सुताराकडून केसरला बसायला चौकी करून घ्यावी. सागवान चांगले आहे. कडी तेवढी शिवदास भावोजींना द्यावी. ती कशी लावायची हे त्यांना ठाऊक आहे.

लेखनिक म्हणाले, साक्षीला पुरुष बघा. मी दोन्ही बायका घेतल्या. वाचून झाल्यावर ठमाबाईने विचारले, "बाय, माझी पोर खरंच ओटीवर बसंल?"

"बसेल."

"मंग आन तो कागद हिकडं."

सही: सत्यवती हरेश्वर गावंड

साक्षीदार:
आवडाबाई, सुईण. सही.
ठमाबाई. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. बोटाला शाडू होता. मी पुसू दिला नाही.

पेण, ता. १९ मे १९६२