दुप्पट लांबीपाशी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची ही लाडकी विद्यार्थिनी आता केसांना कलप लावते. गेल्या महिन्यापासून तुम्हाला एक विचारायचं आहे. दुसऱ्या कुणाला विचारलं तर मला वेड्यात काढतील.

तुमची ती खोड आठवते. कॉलेजच्या लॅबमध्ये रबराची पट्टी मशीनच्या जबड्यात लावण्याआधी तुम्ही ती छातीसमोर धरून दोन्ही हातांनी ओढायचात, बरोबर दुप्पट होईपर्यंत. आम्ही ओरडायचो, "सर, पहिला ताण गेला ना!" कारण नवं रबर पहिल्यांदा ओढताना ताठ असतं, एकदा ओढलं की तेवढ्या लांबीपर्यंत नरम पडतं आणि त्याच्या पुढे पुन्हा ताठ. आलेखाची रेघ तिथे वळते, गुडघा म्हणतो आम्ही त्याला. तुम्ही हसून म्हणायचात, "राहू दे वं. मशीनच्या आधी माणसाचा हात लागला पाहिजे त्याले." चुकीचं होतं हो ते, साफ चुकीचं! आणि एकदा मी तो गुडघा पुसून गुळगुळीत रेघ काढली, तर माझी वही टेबलावर आपटलीत. "काहून वं, रेघ तर मोठी देखणी काढली. पण रबर कुठे गेलं याच्यातलं?" घरी जाऊन रडले होते मी.

तर गेल्या महिन्यात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलचं काम आलं. जनरेटरखाली रबराचे पॅड बसवायचे, भिंतीपलीकडे ऑपरेशन थिएटर. पॅड किती दबतील, किती हादरा गिळतील हे मी कॉम्प्युटरवर गणिताचं मॉडेल बांधून सांगायचं, आणि ते मॉडेल उभं राहतं पट्टीच्या आलेखावर. कारखान्यातून त्याच रबराची सीलबंद शीट आली. मी स्वतः पट्टी कापली, जबड्यात लावली. नवी कोरी पट्टी, आणि नरम निघाली. दुप्पट लांबीला आलेख एकदम वर उठला.

वाटलं, लॅबमध्ये कुणीतरी आधीच ओढून पाहिली असेल. दुसरी कापली, नजरेआड होऊ दिली नाही. तिथेच गुडघा. तिसरी, तेच. भर दुपार, बाहेर ऊन रणरणतंय, आणि माझ्या अंगावर काटा. कारखान्यात फोन लावला तर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, साच्यातून निघाली तशीच पॅक केली. एवढी मोठी शीट हातानं कोण ओढू शकते जी?"

माझ्या हाताखालची इंजिनिअर घाईला आली होती. "मॅडम, तो गुडघा काढून टाकू का? सॉफ्टवेअर घेऊन नाही राहिलं. रिपोर्ट आजच मागून राहिले ते." माझा हात माउसवर गेलाही होता. तेवढ्यात मागे टेबलावर वही आपटल्यासारखा आवाज झाला. तिनेही ऐकला, खिडकी असेल म्हणाली. एसी चालू होता सर, खिडकी बंदच होती.

मी रिपोर्ट थांबवला. हॉस्पिटलवाले चिडले, चिडोत बापडे. दुसरी शीट मागवली, ती पहिल्या ओढीला ताठ निघाली, शहाण्यासारखी. मॉडेल जुळलं, त्याच रबराचे पॅड बसले. परवा जनरेटर चालू असताना थिएटरच्या भिंतीला हात लावून आले. जराही थरथर नव्हती.

पहिल्या शीटची एक पट्टी उरली आहे. पोरगी रोज विचारते, "मॅडम, लावून पाहू ना?" आणि मी म्हणते, "राहू दे वं." हे पत्र त्या पट्टीभोवती गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवते आहे, दुसरा पत्ता तरी कुठे आहे तुमचा? एवढंच विचारायचं होतं, त्या शीटला हात तुमचाच लागला होता ना? आणि खरं सांगू सर, तुम्ही आला होतात याची मला भीती वाटत नाही. ती पट्टी ताठ निघेल याची वाटते.