लुटारूची गाळलेली सात प्रकरणे

मिशनच्या शाळेच्या वसतिगृहात, चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून, ठमी आणि मी एका जुन्या कादंबरीची पाने सोडवत होतो. समुद्री लुटारूची पापे मुलींच्या नजरेस पडू नयेत म्हणून सिस्टरांनी ती पाने खळीने चिकटवली होती. उघडा होता तो फक्त पश्चात्ताप. "अगं, हा रडतोय कशासाठी ते तरी कळू दे!" ठमी कुजबुजली होती.

मी, खाली सही करणारी, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या संतापाने, पण पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. संताप म्हणजे वेड नव्हे, हे वकीलसाहेबांनी ध्यानात घ्यावे.

त्याच कादंबरीचा मी पुढे आपल्या भाषेत अनुवाद केला. माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे प्रकाशक भावोजींनी, तो छापताना शेवटची सात प्रकरणे मला न विचारता गाळली. लुटारू प्रार्थनाघर जाळतो, घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला मारतो, सोने घेऊन पळतो. समाप्त! पुढे त्याच म्हाताऱ्याच्या विधवेची होडी तो वर्षानुवर्षे वल्हवतो आणि एक दिवस त्याच्या हातांचे घट्टे पाहून ती म्हणते, "पुरे आता. बस जरा." ते कुठे गेले?

मी जाब विचारला.

"वहिनी, लढाया खपतात. रडगाणं कोण वाचतं?"

"मग मुखपृष्ठावरचं माझं नावही गाळायचं होतंत!"

"तुमचं आपलं काहीतरीच!"

एका माणसाला कायमचे पापात सोडून द्यायचे आणि वर दात काढायचे! सिस्टरांनी निदान त्याला सुटू तरी दिले होते.

राहते घर माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. शब्दकोश आणि टाइपरायटर शाळेला. चांदीची भांडी जाऊबाईंना; भावोजींशी संसार करणे सोपे नाही. जुनी कादंबरी ठमीला.

अनुवादाचा हक्कही ठमीलाच द्यावा आणि भावोजींना त्याच्या वाऱ्यालाही उभे करू नये, असे मी लिहिले होते. ते खोडून तिथे सही केली आहे. माझ्या मृत्यूनंतर वर्षभर हक्क भावोजींकडे राहावा. तेवढ्यात त्यांनी सातही प्रकरणांसह पुस्तक काढले, तर तो कायमचा त्यांचा, नाहीतर ठमीचा. ही सवलत मला अजूनही पटलेली नाही. पण ती सात प्रकरणे मी शब्द न् शब्द तोलून उतरवली आहेत. त्या प्रकरणांविरुद्ध मृत्युपत्र कसे करू?

साक्षीदार : आमच्या डॉक्टरीणबाई (सही), शेजारचे घड्याळजी (सही)
लिहून देणार : भावोजींची वहिनी, ठमीची मैत्रीण (सही)
राहते घर, ९ फेब्रुवारी