माशांच्या टाकीस एक बोट उतार

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज सूनबाई शीला हिने माशांची काचेची टाकी घरी आणली. तिची मैत्रीण प्रतिभा कळंबचे घर सोडून मुलाकडे पुण्यास राहावयास गेली. जाताना टाकी व पाच सोनेरी मासे शीलास देऊन गेली. टाकीची लांबी अडीच फूट. पाणी नव्वद लिटर मावते. मासे तूर्त निळ्या बादलीत, न्हाणीच्या कोपऱ्यात.

शीला या घरात आल्याला सोळा वर्षे झाली. स्वतःसाठी म्हणून तिने आणलेली मला आठवणारी ही पहिली वस्तू. तिने सुचविले की शेडमध्ये टोमॅटोचे क्रेट रिकामे पडले आहेत, दोनावर दोन रचून वर फळी टाकली की झाले. मी स्पष्ट सांगितले की वारूळवाडीत या घराला नाव आहे, आणि मासे म्हणजे टोमॅटो नव्हेत. बाभळीचा भक्कम स्टँड मी स्वतः करून देईन. मुदत आठ दिवस.

चिरंजीव संपत म्हणाला, नारायणगावात लोखंडी स्टँड तयार मिळतो. लोखंड गंजते, हे त्यास ठाऊक नसावे.

४ फेब्रुवारी

लाकूड निश्चित केले. गोठ्यामागे पडलेल्या बैलगाडीच्या दोन्ही दांड्या. चाळीस वर्षे मुरलेली बाभूळ. आराखडा वहीच्या मागील पानावर काढला. चौथीत गणितात मी वर्गात पहिला होतो. त्यानंतर शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही.

६ फेब्रुवारी

जानकू सुताराकडून करवत आणली. त्याने विचारले की कशाला हवी. सांगितले. म्हणाला, मीच करून देतो, दुपारपर्यंत होईल. दुपारपर्यंत होणारी वस्तू किती टिकणार, हा विचार त्याने केलेला दिसत नाही.

८ फेब्रुवारी

चारपैकी एक पाय कापून झाला. करवत निकृष्ट.

१० फेब्रुवारी, सायं. ६.१०

वाडीत बिबट्या दिसल्याचे समजले. गोठ्यामागे काम करणे सुरक्षित नाही. काम थांबविले. शीला म्हणाली की बिबट्या ओढ्यापलीकडे दिसला, आणि तोही परवा. बिबट्याला पाय असतात, हे मी तिच्या निदर्शनास आणले.

११ फेब्रुवारी

मुदत संपली. मुदतवाढ घेतली. मी विकास सोसायटीचा दोन वेळा संचालक होतो. मुदतवाढ मिळाल्याशिवाय पूर्ण झालेले एकही काम माझ्या पाहण्यात नाही.

शीला रोज सकाळी बादलीतील अर्धे पाणी बदलते. आंघोळीस जाताना प्रत्येकाने बादली बाहेर काढावी व नंतर आत ठेवावी, असा नियम झाला आहे. संपत नियम पाळताना पुटपुटतो.

१४ फेब्रुवारी

चारही पाय तयार. खिळे ठोकले. अकरा खिळे वाकले. बाराव्याचे डोके उडाले व पत्र्यावर जाऊन वाजले. हल्लीच्या खिळ्यांत दम नाही.

१५ फेब्रुवारी

एसटीने ओतूरला जाऊन आलो. नारायणगाव जवळ आहे, परंतु तेथे प्रत्येक दुकानदार मला ओळखतो व प्रत्येकास कारण सांगावे लागते. ओतूरला धरमचंद शेठजींच्या दुकानात वाकलेला खिळा दाखविला. शेठजी म्हणाले की मुरलेल्या बाभळीत खिळा जात नाही, भोक पाडून नट-बोल्ट घाला. हे मला ठाऊक होते. फक्त खात्री करून घेतली. त्यांनी विचारले, गोठ्याचे दार करताय का. होय म्हणालो.

१८ फेब्रुवारी

संपतच्या ओळखीने ड्रिल मशीन आले. वीज गेली. वीज आली तेव्हा माझी दुपारची विश्रांती चालू होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज महत्त्वाचा दिवस. सांगाडा उभा राहिला. जानकू करवत परत नेण्यास आला होता. त्याने खिशातून काचेच्या नळीचे लेव्हल काढून देऊ केले. नळीत एक बुडबुडा असतो व तो मध्यावर आणावयाचा असतो. पंचविसाव्या वर्षी मी विहिरीपासून खालच्या वावरापर्यंत पाट काढला, तो नुसत्या नजरेने. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी चालत गेले. त्या माणसाने बुडबुड्याला विचारून काम करावे काय? लेव्हल परत केले.

पाटाची आठवण झाल्यामुळे एक मोठी चूक टळली. पाणी म्हटले की उतार हवा. उतार नसलेले पाणी साचते, साचलेले पाणी कुजते. हे वावरातल्या पोरालाही कळते, परंतु टाक्या विकणाऱ्यांना कळत नाही. उजवीकडील दोन पाय एक बोट आखूड केले. ठिबक आल्यापासून या घरात मला उतार कोणी विचारलेला नाही. आज ती विद्या उपयोगी पडली.

२३ फेब्रुवारी

वरची फळी बसली. चाचणी घेतली. कांद्याच्या पन्नास किलोच्या दोन गोण्या स्टँडवर ठेवविल्या. त्यावर मी स्वतः बसलो. साधे करकरलेही नाही. संपतला फोटो काढण्यास सांगितले. त्याने काढला, परंतु हसत काढला, त्यामुळे हलला आहे.

मजबुतीविषयी यापुढे कोणी शंका घेऊ नये.

२४ फेब्रुवारी, सोमवार

टाकी स्टँडवर चढविली. शीलाने कळशीने पाणी भरले. मासे सोडले. पाचही मासे प्रथम एका जागी थांबले, नंतर फिरू लागले. शीला जमिनीवर बसून पाहत राहिली. चुलीवरचे दूध उतू गेले तरी उठली नाही. असे यापूर्वी कधी घडलेले नाही.

नंतर तिने मान जरा कलती केली. मग दुसरीकडे कलती केली. म्हणाली, "मामा, पाणी वाकडं दिसतंय."

टाकीच्या डाव्या टोकाला पाणी काठापासून तीन बोटे खाली होते, उजव्या टोकाला दोन बोटे. मी समजावून सांगितले की काच बनविताना असे होते.

२५ फेब्रुवारी

संपतने जानकूला बोलाविले. मला न विचारता. जानकूने लेव्हल फळीवर ठेवले. बुडबुडा डाव्या टोकाला जाऊन बसला. मी म्हणालो की घराची जमीन उतरती आहे. त्याने लेव्हल जमिनीवर ठेवले. बुडबुडा मध्यावर आला व तेथेच राहिला.

मी त्यास सांगितले की माझ्या नजरेबद्दल या गावात कोणी बोललेले नाही. जानकू हसला नाही, एवढे मान्य केले पाहिजे. म्हणाला, "तात्या, मी कुठं काय म्हनतोय? पानीच म्हनतंय."

उजव्या दोन पायांखाली लाकडाची पाचर सरकवितो, पाच मिनिटांचे काम, सगळा भार एका बाजूच्या काचेवर येतो आहे, असेही तो म्हणाला. मी नकार दिला. पाचर लावलेला स्टँड पाहुण्यांना दाखविता येत नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सकाळी उजव्या कोपऱ्यात जमीन ओली. काचेच्या सांध्यातून थेंब थेंब गळत होते. उपवासाच्या दिवशी शीलाने नव्वद लिटर पाणी तांब्यातांब्याने उपसले. मासे पुन्हा बादलीत.

टाकी मुळातच जुनी होती. प्रतिभाने हे सांगावयास हवे होते.

शीलाने सांध्यात सिलिकॉन भरले. दोन दिवस वाळवावे लागते.

२७ फेब्रुवारी

विशेष काही नाही. बादलीकडे दोनदा जाऊन आलो. एक मासा वर येऊन तोंड उघडतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तोच मासा सकाळी मेला. कारण समजले नाही. हवा, खाद्य, अनेक कारणे असू शकतात.

शीलाने तो परसातील जास्वंदीच्या मुळाशी पुरला. मी ओट्यावर होतो. काही तरी बोलावे म्हणून मी म्हणालो की चार उरले आहेत. ती म्हणाली, "व्हय, चार उरल्यात." हात धुऊन आत गेली.

दुपारी झोप लागली नाही.

१ मार्च, शनिवार

सकाळी शीला शेडमधून क्रेट घेऊन येताना दिसली. एकेक आणत होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. दुसऱ्या क्रेटच्या वेळी वर्तमानपत्र ठेवले. उरलेले दोन क्रेट मी आणले. क्रेट पुसताना एकात वाळलेली टोमॅटोची पाने निघाली, ती मीच काढली. दोनावर दोन. वर फळी. कारखान्यात एकाच साच्यातून निघत असल्यामुळे त्यांची उंची सारखी असते, यात कोणाचे कौशल्य नाही.

टाकी भरली. गळत नाही. चार मासे. पाण्याची रेघ सरळ आहे. तीन वेळा, तीन वेगवेगळ्या जागी बसून पाहिली.

बाभळीच्या स्टँडचे काय करावयाचे, हे कोणी विचारले नाही. मीही विषय काढला नाही. रात्री तो पडवीत होता.

३ मार्च, सोमवार

सकाळी पडवीत स्टँड नाही. संपतने सरपणात घातला असावा, असे वाटून मी सरळ परसात गेलो. तेथेही नाही. परत येताना मोरीत दिसला. शीलाने त्यावर घासलेली भांडी पालथी घातली होती. पातेली, ताटे, तांबे, सर्व. पाणी एका बाजूने ओघळून नीट मोरीच्या तोंडाशी जात होते.

मी पाहतो आहे असे दिसल्यावर ती म्हणाली, "मामा, ह्याच्यावर पाणी अजिबात साचत न्हाई." चेष्टा नव्हती. मी चेहरा नीट पाहिला.

उतार बरोबर दिलेला होता, एवढे यावरून सिद्ध होते. वस्तू चुकीची नव्हती, तिच्यावर ठेवलेली वस्तू चुकीची होती. जानकूला कळविण्याची आवश्यकता नाही. त्याच्या कानी आपोआप जाईल.

दुपारी पुन्हा जाऊन पाहिले. सर्व भांडी कोरडी. एक वाटी मात्र घसरून खाली पडलेली होती. वाटीचे बूड गोल आहे.