इलोनाबाईचं काळं नाणं

संघर्षचे बाबा, तुमाले बुडापेस्टहून जयभीम.

मी मजेत हाय. मॅडमचं लेकरू आता माझ्याच हातानं जेवते. बाहेर थंडी हाय, पण घर गरम असते. फोनवर मॅडम बाजूले असतात, म्हणून लिहून राह्यली. चुका काढू नका.

खालच्या घरात इलोनाबाई एकटी राहते. दुपारी मी तिच्यापाशी बसाची. तिची भाषा मले येत नाही, माझी तिले नाही, तरी आमी बोलाचो. तिच्यापाशी एक जुनं चांदीचं नाणं होतं. इथं एकाच गादीसाठी दोन राजे भांडत होते, तव्हाचं, हे मले मॅडमनं मागून सांगतलं. त्याच्यावर लेकरू घेतलेली बाई होती, पण पार काळी पडलेली. म्हटलं, म्हातारीचे हात चालत नसतीन. एक दिवस ती बाजारात गेली, घराची चावी माझ्यापाशी होती. आपण पैंजण घासतो तसं दंतमंजनानं नाणं घासलं. लख्ख झालं, पण त्या बाईचं तोंडच पुसलं गेलं.

इलोनाबाई रडली. चावी मागून घेतली. मॅडम म्हणे, "अहो मावशी, जुनं नाणं कधी घासतात का!" मंग आधी सांगाले काय झालतं?

आपल्या सोनाळ्यात कापसाची वेचणी लागली काय? तुमचा खोकला कसा हाय? संघर्ष वेळेवर जेवते काय?

मी रोज इलोनाबाईच्या दारापाशी गरम पोळी ठेवतो. आज ताटली धुऊन बाहेर ठेवलेली होती. दार वाजवलं. आतून पायाचा आवाज आला, पण तिनं उघडलं नाही.

उत्तर लांब लिहा, दोन ओळीत उरकू नका.

तुमची,
संघर्षची माय