शुभदाच्या वाफ्याची बॉर्डर

१४ मार्च, सकाळ
शुभदाचा व्हिडिओ कॉल. लेकीने कॅलगरीला घर घेतलंय, ते फोन फिरवून फिरवून दाखवलं. घर ठीक. पुढचं अंगण बघून मात्र शिसारी आली. जागोजागी मळकट बर्फ, ताटात टाकलेल्या दहीभातासारखा. बर्फ गेला की दारापुढे फुलांचा वाफा करणार म्हणाली. वाफ्याला बॉर्डर काय करू, असं तिने मला विचारलं. म्हणजे विचारलं असं नाही, पण बोलताना बघत माझ्याकडे होती.

बॉर्डर म्हणजे विटा. तिरप्या, अर्ध्या पुरलेल्या, करवतीच्या दातांसारख्या. एक गेरूची, एक चुन्याची. धरणावरच्या सरकारी वसाहतीत यांची शिपायाची नोकरी होती, तेव्हा मोठे साहेब यायचे म्हटलं की सगळ्या विटा मी रंगवायची. साहेब गाडीतून उतरले की आधी विटांकडे बघत. माझी शाळा चौथीपर्यंत. पण हे कुठल्या शाळेत शिकवतही नाहीत.

ठरवलं. आठवड्यात विषय संपवायचा.

१६ मार्च
सुनेने, अश्लेषाने, मोबाइलवर थंड देशातल्या बॉर्डरी दाखवल्या. प्लॅस्टिकचं बुटकं कुंपण, केकच्या झालरीसारखं. लाकूड दिसणारं रबर. दगड दिसणारं सिमेंट. एकीवर ससे कोरलेले. ओकारी यायची बाकी राहिली. नात ऋग्वेदा म्हणाली, आजी, रॅबिटवाली सो क्यूट लाह. इथल्या पोरांना वाक्यामागे लाह लावल्याशिवाय बोलताच येत नाही. तिला म्हटलं, तू अभ्यास कर.

१९ मार्च
शुभदा म्हणते विटा टिकणार नाहीत. विटेत पाणी मुरतं, थंडीत त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो, वीट फुटते. वर तिकडची जमीनच म्हणे गोठून उचलली जाते आणि पुरलेलं सगळं वाकडं होतं. जमीन उचलली जाते! नवरा इंजिनिअर असून पोरगी काहीही ऐकून घेते.

हे डोकं तिच्या सासूचं. उल्काताई पुण्यात गच्चीवर कुंड्यांत वांगी लावतात आणि सगळ्या जगाला शेती शिकवतात. त्यांचं मत स्टीलची पट्टी. जमिनीत ठोकायची, वर बोटभर काठ. रॉकेलचा डबा कापून पुरल्यासारखं दिसेल. शी.

शुभदा हसत म्हणाली, तुम्ही दोघी ठरवा, जिची बॉर्डर तिनेच जूनमध्ये येऊन बसवायची, पाहुण्यांची खोली एकच आहे.

म्हणजे झालंच. मला जायची हौस नाही. संडासात कागद वापरणारा देश. पण लेकीच्या दाराला डब्याचा काठ लागताना मी बघत बसणार नाही.

२२ मार्च
युक्ती सुचली. थंडी काय फक्त कॅलगरीलाच असते? आमच्या फ्रीझरमध्येही आहे. वीट भिजवून आत ठेवायची, फुटत नाही हे दाखवायचं, उल्काताईंचं तोंड बंद.

मुलाच्या नोकरीपायी या बेटावरच्या देशात राहायला आले, तर इथे पासिर रिसमध्ये सगळं मिळतं, एक सुटी वीट मिळत नाही. दुकानदार म्हणतो पॅलेट घ्या, म्हणजे शेकडो विटांची अख्खी थप्पी. आमच्या ब्लॉकखाली लोकांनी मिळून केलेली बाग आहे, तिथे गेले. वाफ्यांना काय, तर बिअरच्या बाटल्या उपड्या पुरलेल्या. आधी ढोसायची आणि मग प्रदर्शन मांडायचं. कोपऱ्यातल्या एका वाफ्याला मात्र विटा होत्या, त्याही आडव्या निजवलेल्या, अक्कल नसल्यासारख्या. एक आणली. चोरी नाही. बघायला आणली.

२३ मार्च
वीट भिजवून फ्रीझरमध्ये ठेवली. शेजारी अश्लेषाची कोळंबी. चांगल्या विटेवर हे दिवस. पिशवीत गुंडाळली, वास लागू नये म्हणून. अश्लेषाने दार उघडलं, बघितलं, बंद केलं. आई, ही वीट आहे का, म्हणाली. नाही, पुरणपोळी आहे, म्हटलं. दिसतंय ते विचारतात.

२५ मार्च
वीट अखंड! फोटो पाठवला. शुभदा म्हणते, आई, एकदा गोठून काय होतंय? इथे दिवसा वितळतं, पुन्हा गोठतं, पुन्हा वितळतं, अख्खा हिवाळा. बरं. तसं करू. माझ्याकडे वेळ आहे.

मुलाला, सारंगला, बरोबर घेऊन कॅनडाच्या व्हिसाला चालतात तसे फोटो काढून आणले. जायचं म्हणून नाही. कागद तयार असलेले बरे. फोटोवाला सांगत होता, हसायचं नाही. सारंग म्हणाला, तिची काळजी करू नका.

४ एप्रिल
लिफ्टमध्ये कागद चिकटवलाय. बागेतली वीट कोणी नेली असेल तर कृपया परत ठेवा. खाली कॅमेऱ्यातला फोटो. पाठमोरी बाई, गाउनवर ओढणी. गाउन काय कोणीही घालतं. सारंगला तसं म्हटलं. तो म्हणाला, आई, या ब्लॉकमध्ये गाउनवर ओढणी घेऊन तू एकटीच फिरतेस. पोटचा मुलगा आणि कॅमेऱ्याच्या बाजूने.

वीट आत्ता परत ठेवली तर आपणच नेली असा अर्थ होईल. आणि प्रयोग अर्धवट सोडणाऱ्यातली मी नाही.

९ एप्रिल
वीट काढताना फ्रीझरचा खण फुटला. नीट लक्षात घ्यायचं, खण फुटला, वीट नाही. सरळ माझ्या बाजूचा पुरावा. अश्लेषा फक्त असू दे आई, असं म्हणाली. ती असू दे म्हणते तेव्हा जेवणात मीठ कमी पडतं. आज पडलं.

१५ एप्रिल
विटेचं एक तोंड सुटून आलं. खारीच्या पापुद्र्यासारखं, हातात. इथल्या विटाच शेळपट, भट्टीत नीट भाजत नसणार. त्यात कोळंबीचं पाणी लागलं. उरलेली वीट आतून चांगली आहे, म्हणजे एका अर्थी प्रयोग यशस्वी. चांगल्या बाजूला ऋग्वेदाच्या रंगांतला लाल लावून फोटो शुभदाला पाठवला. तिने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे होकार.

१७ एप्रिल
वीट परत ठेवायला गेले. ओढणी मुद्दाम घेतली नाही. वाफ्यापाशी चिनी म्हातारा झारी घेऊन उभाच. आंटी, आंटी, करून लांबलचक काहीतरी बोलला. मी हिंदीत सांगितलं की वीट तुमची कच्ची आहे. त्याने वीट उलटसुलट बघितली, सोललेली बाजू मातीत दाबली, लाल बाजू वर ठेवली. मग मला दोन कारली तोडून दिली. इतकी कडू की थुंकून टाकली. माणसाने राग असा काढू नये, तोंडावर बोलावं.

३ मे
सेरंगूनच्या मॉलमधून लोकरीचे मोजे आणि कानटोपी आणली. या चिकट उकाड्यात घालून बघितली तर मानेवर घामोळं उठलं. दुकानातली मुलगी विचारत होती, हॉलिडे, आंटी? म्हटलं, काम आहे.

शुभदाला कळवलं की गेरू पुण्याहून मागवावा लागेल, आणि विटा तिकडच्या मी स्वतः वाजवून घेईन. तिने लिहिलं, बोलू आपण. कामात असते बिचारी.

२० मे
अजून बोलणं नाही. बॅग खाली काढून ठेवली. अश्लेषाने पुन्हा वर ठेवली. मी पुन्हा खाली काढली. घरात कोणी काही विचारत नाही. शिस्तच नाही या घराला.

७ जून
व्हिडिओ कॉल. कॅलगरीचं अंगण, बर्फ नाही, आणि मधोमध उल्काताई, स्वेटर घालून, हातात फावडं.

कधी पोचलात, विचारलं. परवा. तिकीट जानेवारीतच काढलं होतं. व्हिसा तर त्याआधीचा. शुभदा म्हणाली, आई, मला वाटलं मी सांगितलंय तुला. बॉर्डरचा आणि तिकिटाचा काही संबंधच नव्हता.

मग पट्टी बसवली का, विचारलं. तर नाही. बर्फ ओढायच्या फावड्याला जमिनीच्या वर आलेलं काहीही अडकतं म्हणे, म्हणून काहीच बसवलं नाही. गवत आणि माती यांच्या मध्ये फावड्याने नुसता चर मारला. झाली बॉर्डर. उल्काताईंनी मारला. डावीकडे वाकडा गेलाय.

म्हणजे स्टीलही नाही. त्याही हरल्या. हे त्यांना सांगणार होते, पण त्याच आधी म्हणाल्या, ताई, तुमच्या विटा छान दिसल्या असत्या हो. मनापासून म्हणाल्या असाव्यात. मी फोन शुभदाकडे द्यायला सांगितलं.

शुभदा म्हणाली, आई, तू पुढच्या उन्हाळ्यात ये. म्हटलं, बघू, मला इथे कामं असतात.

कुठली कामं, तिने विचारलं.

कॉल संपून बराच वेळ झाला. अजून आठवून बघतेय.