राजाचं हृदय आणि ॲव्हिसचा पाळणा

मी एमट, प्रेतं गुंडाळायचं मेणकापड करणाऱ्या हॅमोची विधवा, एल्मस्टोक मठाच्या फाटकाशी राहणारी, हे मृत्युपत्र फादर वॉल्टर यांना सांगून लिहवून घेत आहे. पाय गेले, अक्कल ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करणारे सगळे मेले.

आत्मा देवाला. देह मठात, राजकन्या ॲव्हिसच्या कबरीत, तिच्या पायथ्याशी; मठाच्या मदरनी तसं लेखी दिलं आहे. मला माझ्याच हातच्या मेणकापडात गुंडाळावं आणि छातीवर शिशाची डबी बांधावी. हे भाची सिसिलीला तोंडी सांगून ठेवलं आहे. हा कागद मात्र मी गेल्यावर तिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतरच वाचावा.

घर, मधमाश्यांच्या टोपल्या आणि मेणाची कढई सिसिलीला. कढई तिने एकदा तरी घासावी. माझा लोकरी झगा जाऊबाईला मुळीच देऊ नये. हॅमो शवपेटीत असताना ती त्याचं कापड चाचपत होती!

आता पाळण्याविषयी.

मी थोरल्या राजांच्या मुलीचा पाळणा हलवायला होते. चार वर्षांची झाली तरी ॲव्हिस पाळणा सोडेना. पाय बाहेर यायचे. तिला ताप आला तेव्हा राजे समुद्रापलीकडे लढाईवर होते. नऊ दिवस ती विचारायची, "एमट, बाबा कुठवर आले?" मी म्हणायचे, "वाटेत आहेत गं, सोन्या." दरबाऱ्यांनी निरोप पाठवलाच नव्हता, राजे वेढा सोडून येतील म्हणून. मला ते ठाऊक होतं. नवव्या दिवशी दुपारच्या घंटेला ती गेली.

आठ वर्षांनी राजे वारले. देह पूर्वजांजवळ, हृदय माझ्या ॲव्हिसजवळ, ही त्यांची शेवटची इच्छा. पण त्यांच्या धाकट्या राणीसाहेबांना हृदय स्वतःच्या नव्या मठासाठी हवं होतं. हृदय मेणकापडात बांधायला मला आणि हॅमोला बोलावलं होतं; आमच्यादेखत म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीशेजारी? तिथं कोण बघायला येणार?"

माझं डोकंच फिरलं. राणीला द्यायला हॅमोने मुदपाकखान्यातून डुकराचं हृदय आणलं. दोन्ही मद्यात धुऊन, सारख्याच कापडात बांधून ताटात ठेवली. तेवढ्यात राणीचा कारभारी दार बडवू लागला. हॅमोने एक उचलून चांदीच्या पेटीत घातलं.

"डुकराचंच ना?" मी विचारलं.

"डावीकडचं. नक्की. डोकं खाऊ नकोस."

पण गाठी बांधताना मी ताट फिरवलं होतं का, हे मला आजतागायत आठवत नाही.

इथे फादर वॉल्टर लेखणी ठेवून म्हणाले, "एमटबाई, बावीस वर्षं लोक त्या पेटीपुढे गुडघे टेकतायत!"

"टेकू देत, गुडघे त्यांचे आहेत. तुम्ही लिहा."

उरलेलं हृदय शिशाच्या डबीत माझ्याकडे राहिलं. राणीने अडगळीत टाकलेला पाळणाही मी आणला. तो रोज दुपारच्या घंटेला आपोआप हलतो. वारा नसतो. सिसिलीने खाली विटा लावल्या. विटा बाजूला सरकलेल्या मिळाल्या. डबी पाळण्यात ठेवून पाहिली, तरी थांबला नाही. हॅमो म्हणायचा, "तिला ते तिच्याजवळ हवंय, इथं नाही." तसंच असेल. तसंच असू दे, देवा.

तेव्हा हे वाचाल त्याआधीच डबी तिच्याजवळ पोचलेली आहे. कोणाला परत हवी असेल तर राजकन्येची कबर फोडावी लागेल. बघू कोणाची छाती होते.

सिसिली, आज घंटेच्या वेळी पाळण्यापाशी बस. तो स्थिर राहिला तर फोडून चुलीत घाल, मुलगी झोपली.

हलला, तर पळू नकोस. मग समज की मी तिच्याकडे डुकराचं हृदय घेऊन गेले, आणि तिचे बाबा राणीच्या मठात एकटेच पडलेत. काठावर हात ठेव, हळू झोका दे. तिने विचारलं तर "वाटेत आहेत" म्हणू नकोस. ते खोटं मी नऊ दिवस बोलले. तिला खरं सांग: बाबांना कोणी कळवलंच नाही, बाळा. कळलं असतं तर ते आले असते.

एमट, तिच्या हातचा क्रूस: ✝

साक्षीदार: फादर वॉल्टर, लिहिणार.
सिस्टर गन्नोरा, मठाची दरवान. पाळणा हलताना स्वतः पाहिला आहे.

एल्मस्टोक, संत मार्टिनच्या सणाचा आदला दिवस, धाकट्या राजांच्या राज्याचे बाविसावे वर्ष.