धुराड्यातली ओ

१२ सप्टेंबर १९८३, सोमवार

धुराड्याच्या वरच्या विटेला बोट लावलं आणि ती ओंजळीत चुरा होऊन आली! बाहेरून सिमेंटची झिलई ठणठणीत, आत नुसता भुसा. पाणी आत मुरतं, सिमेंट ते बाहेर जाऊ देत नाही, आणि समुद्राचं मीठ विटेतच फुगत बसतं. हे सिमेंट लावलं कुणी? मीच. १९६१ साली, मोठ्या ऐटीत. वडील खालून ओरडत होते, "चुना घाल रे गाढवा, चुना!" मला तेव्हा चुना म्हणजे म्हाताऱ्यांचं खूळ वाटायचं. गावातली निम्मी धुराडी मीच बिघडवली आणि आता मीच नीट करतोय. वर लोक आभार मानतात. कसनुसं होतं.

आजचं धुराडं दोन घरांत मिळून एक आहे. चार नळकांडी. अलीकडच्या घरात बेला स्लेटर, पलीकडच्या घरातही बेला स्लेटर. नवा पोस्टमन दोघींची पत्रं उलटसुलट टाकतो म्हणे. पाकिटावर टोपणनाव नसेल तर तो बिचारा तरी काय करणार! अर्ध्या पोर्टगॅरीचं आडनाव स्लेटर आहे. समुद्राकडच्या घरातल्या बेलाचं टोपणनाव बोया, म्हणून सगळ्यांच्या बोयामावशी, एकोणऐंशीच्या. नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही. रस्त्याकडच्या घरात बेला तिरळी. ती माझ्या वर्गातली.

१४ सप्टेंबर

तिरळीने घरात विजेचे हीटर बसवले. तिला तिची दोन्ही नळकांडी कायमची बंद करून हवीत. पाऊस आत येतो, डोमकावळे घरटी करतात. "आणि ते तुझेच भाऊबंद, डॉड, तूच आवर त्यांना," म्हणाली. आमच्या घराण्याचं टोपणनाव डोमकावळे! हसलो.

मग शिडी धरून उभी राहिली. जाईना. "एक मागू? त्या नावाने हाक मारू नकोस आता. डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीस वर्षं झाली. परवा नातवाने विचारलं, आजी, तिरळी म्हणजे काय गं?"

ते नाव मीच ठेवलं होतं. नऊ वर्षांचा होतो, शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिलं. दुसऱ्या दिवशीपासून सगळं गाव म्हणायला लागलं. तिने पन्नास वर्षांत एकदाही मला त्याबद्दल बोलून दाखवलं नाही. मान खाली घालून "बरं" म्हणालो.

(वर आजच्याच नोंदीत मी तेच नाव लिहिलंय. सवय!)

१६ सप्टेंबर, शुक्रवार

वारा जोराचा. समुद्राकडून पहिली दोन नळकांडी मावशींची, मागची दोन बेलाची, असा हिशोब. चौथ्याबद्दल शंका नव्हती, दहाच्या आत झाकून टाकलं. तिसऱ्याचं मात्र सांगता येत नाही. ही दोन घरं पूर्वी एकच होती, दोघा भावांनी वाटून घेतली. अशा घरांत धुराच्या वाटा भिंतीतल्या भिंतीत कुठून कुठे वळतात, देव जाणे. वडील खाली ओला कागद पेटवायला लावायचे आणि कुठल्या नळकांड्यातून धूर येतो ते वर बसून बघायचे. घाई असली की नुसती हाक मारायचे. नळकांड्यात तोंड घालून घराचं टोपणनाव ओरडायचं, खालच्या शेकोटीपाशी उभ्या असलेल्या माणसाने ओ द्यायची. पाऊस अंगावर आला होता, म्हणून मीही हाकच मारली. दहा वाजता शेकोटीपाशी थांब, असं बेलाला कालच सांगून ठेवलं होतं.

तोंडावर "तिरळी" आलं होतं. गिळलं. "बेला!" एवढंच ओरडलो.

खालून आवाज आला — "ओ!"

"आहेस ना तिथे?"

"आहे, आहे!"

तिसऱ्या नळकांड्याच्या तोंडावर पाटीचा दगड चुन्यात बसवला, कडा लिंपल्या, उतरलो. पन्नास वर्षांनी तिला नीट नावाने हाक मारली. आज बरं वाटतंय.

३ ऑक्टोबर

परांची उतरवली. धुराडं ओळंब्यात, चुना छान धरलाय. वडील असते तर काही बोलले नसते, म्हणजे खूश असते.

२१ ऑक्टोबर

थंडी सुरू. बायको, कर्स्टी, बोयामावशींकडे हॅडॉक माशाचं सूप घेऊन गेली होती. घरी येऊन म्हणाली, "मावशींनी चहात मीठ घातलं, आणि तसाच पिऊन टाकला. डोकं ठणकतं म्हणतात सारखं. मला विचारलं, तू कुणाची गं?" कर्स्टी त्यांच्याकडे वीस वर्षं जातेय.

वय झालं.

२ नोव्हेंबर

मावशी गोदीवर दिसल्या. पायात दोन वेगळे बूट. हाक मारली तर माझ्याकडे बघून हसल्या आणि नवऱ्याच्या बोटीचं नाव घेऊन विचारलं, लागली का म्हणून. ती बोट बुडून एकोणीस वर्षं झाली. "अजून नाही, मावशी," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

५ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी मासेवाल्याच्या गाडीपाशी बेला भेटली. "काय रे, कसली नळकांडी बंद केलीस? मागच्या खोलीत पाणी ठिबकतंय. काल तर एक डोमकावळा थेट शेकोटीत येऊन पडला!"

म्हटलं, शक्यच नाही. तू स्वतः ओ दिलीस की!

"मी? कधी?"

त्या शुक्रवारी.

"अरे, त्या शुक्रवारी मी बहिणीकडे, बकी गावाला. तिला पहाटे दवाखान्यात नेलं. तुला निरोप ठेवायचा राहिला खरा."

हातातली पिशवी खाली पडली. मासे रस्त्यावर.

मग ओ दिली कुणी? दुसरी बेला तेवढी एकच आहे. म्हणजे तिसरं नळकांडं मावशींच्या झोपायच्या खोलीचं. आणि तिथे जुन्या शेकोटीच्या कोनाड्यात त्यांच्या भाचीने गेल्या साली गॅसचा हीटर बसवून दिलाय. हीटरचा धूर दिसत नाही, वासही येत नाही. जायला वाट नाही. खोलीतच राहतो.

डोकेदुखी. चहात मीठ. बोट लागली का —

७ नोव्हेंबर, सोमवार

सगळं लिहायचं. काही सोडायचं नाही.

शनिवारी मी मावशींकडे गेलो नाही. घरी आलो. उद्या रविवार, असं मनाशी म्हणालो. रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचं नाही; छपरावर चढलेला माणूस पोर्टगॅरीने कधी पाहिलेला नाही. शिडी लावली असती तर सगळ्या गावाने विचारलं असतं, डॉड, असं काय अडलंय? मग सांगावं लागलं असतं. सोमवारी पहाटे चढू, दगड काढू, कुणाला कळणार नाही, असं ठरवलं.

दार ठोठावून "मावशी, हीटर बंद करा" म्हणायला शिडी लागत नव्हती. हे आज सुचलंय असं नाही. शनिवारीच सुचलं होतं. पण त्यांनी "का रे?" विचारलं असतं.

रविवारी चर्चमध्ये त्यांची जागा रिकामी. मी प्रार्थना म्हणत होतो, तोंडाने. दुपारी भाची रोना एल्गिनहून आली तेव्हा मावशी पलंगापाशी पडलेल्या होत्या. गाडीत घालून नेलं. जिवंत आहेत.

आज पहाटे चढलो आणि दगड काढला. चुना इतका पक्का धरला होता की छिन्नी लावावी लागली. खाली कुणीतरी विचारलं, "काय चाललंय?" म्हटलं, जरा डागडुजी.

११ नोव्हेंबर

मावशींना दवाखान्यात बरं वाटतंय. तिसऱ्या दिवसापासून डोकं दुखायचं थांबलं. सगळ्यांना ओळखतात, नर्सची टिंगल करतात. बरं वाटणारच, तिथे माझं धुराडं नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला रक्त कमी पडलं असेल, या वयात व्हायचंच.

१८ नोव्हेंबर

रोना घरी आली होती. ती एल्गिनला शाळेत शिकवते. शांत बाई, डोळे रडून सुजलेले. "डॉडकाका, मावशीला आता एकटी ठेवता येणार नाही. तिथल्या वृद्धाश्रमात जागा मिळतेय, दहा डिसेंबरला. तिला पटत नाही, भांडते. म्हणते, मी वेडी नाही. पण मी स्वतः पाहिलंय ना हो! तुम्हीही पाहिलंत, कर्स्टीकाकूंनीही. तुम्ही दोघं तिला जरा समजावाल?"

मी काय म्हणालो? "बघतो."

बघतो!

रोना गेल्यावर कर्स्टीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ टेबल पुसत राहिली, पुसलेलंच परत परत. मग म्हणाली, "दगड काढलास ना? बाई बरी झाली ना? मग आता तोंड उघडून कुणाचं भलं होणार आहे? गावात परत कुणी शिडीला हात लावू देणार नाही तुला."

भलं मावशींचं होणार आहे. त्यांचं डोकं बिघडलेलं नाही हे सांगू शकणारा माणूस सगळ्या जगात एकच आहे, आणि तो सूप पीत बसलाय. हे मी कर्स्टीला बोललो नाही. बोललो असतो तर उठून जावं लागलं असतं.

१९ नोव्हेंबर

नाही गेलो.

२६ नोव्हेंबर

मावशी घरी आल्यात, सामान बांधायला. आता समोरच्या खोलीत झोपतात, रोना सोबत असते. मला खिडकीतून बोलावलं. "डोमकावळ्या, आत ये! तुला धुराड्यातलं कळतं, माणसातलंही कळतं का बघू. मी वेडी दिसते का रे?"

"नाही, मावशी."

"मग सांग की त्या पोरीला!"

रोना दारातच उभी होती. माझ्याकडे बघत होती, आता हा समजावेल म्हणून. मी म्हणालो, "रोना तुमच्या भल्याचंच बघतेय." मावशींनी तोंड फिरवलं. चहा दिला, तोही माझ्याकडे न बघता.

माझ्याइतका भित्रा माणूस या किनाऱ्यावर दुसरा नसेल. उंचीची भीती कधी वाटली नाही मला. चाळीस वर्षं कड्यावरच्या छपरांवर वाऱ्यात उभा राहिलो. आणि एका बाईच्या स्वयंपाकघरात खरं सांगायची भीती!

४ डिसेंबर

झोप नाही. वजन उतरलंय. कर्स्टी म्हणते, डॉक्टरला दाखव.

१० डिसेंबर, शनिवार

सांगितलं.

गाडी दाराशी लागली होती. ट्रंक बाहेर, घड्याळ गोधडीत गुंडाळलेलं. मावशी टोपी घालून खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारख्या. बेला निरोप द्यायला आली होती, आणखी चार बायका होत्या. मी आत गेलो आणि सगळ्यांसमोर बोलून टाकलं. नळकांडं, हाक, ओ, पाटीचा दगड, शनिवार, रविवार. वाक्यं धड जुळत नव्हती. शेवटी म्हणालो, "मावशींचं डोकं शाबूत आहे. हे सगळं मी केलं."

रोनाला आधी कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी तुमच्या घरी येऊन रडले तेव्हा?"

"हो."

"आणि त्या रविवारी?"

"हो."

"ती मेली असती, डॉडकाका." ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. मग शेजारी जाऊन डॉक्टरांना फोन केला, बराच वेळ बोलत होती. आली ती डोळे पुसत. रक्त तपासायला हवं होतं, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, असं म्हणाले म्हणे. आता पुन्हा नीट तपासतील, तोवर जाणं रद्द. गॅसचा हीटर निघणार. ट्रंक तिनेच आत ओढली. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, "नको."

बेला माझ्याकडे बघत होती. "माझ्यामुळे झालं का रे हे? मी तुला ते नाव घेऊ नकोस म्हटलं म्हणून?" नाही गं, बाई! तू यात कुठेच नाहीस. धूर करून बघायचा आळस मी केला. तुझं ते टोपणनाव टाकायला मला पन्नास वर्षं लागली आणि नेमकं त्याच दिवशी टाकलं, यात तुझा काय दोष?

मावशी अजून खुर्चीवरच होत्या. टोपीसुद्धा काढली नव्हती.

१२ डिसेंबर

मावशी काठी टेकत घरी आल्या. बसल्या नाहीत. मी माफी मागायला लागलो तर हातानेच थांबवलं.

"तुझा आवाज मी ओळखला होता त्या दिवशी. ती हाक पलीकडच्या बेलासाठी आहे, तेही कळलं होतं. मला तू कधी बेला म्हणशील का? मला सगळे बोयामावशी म्हणतात. नुसतं ‘बेला’ म्हणून हाक ऐकली नव्हती रे, माझा माणूस गेल्यापासून. ओ द्यावीशी वाटली."

त्या काठी टेकत परत निघाल्या, मी दारातून बघत राहिलो. आमच्या दारापासून त्यांचं दार सहावं आहे; त्या शनिवारी तेवढंही चाललो नव्हतो मी.